माइनक्राफ्ट: बंद घरात मॉब शिरतात, शांत प्राणी अंगावर येतात – तपासायचं कुठून?

सुट्टी लागली की भाचे मंडळींचे आणि त्यांच्या मित्रांचे निरोप सुरू होतात: 'मामा, घरात परत क्रीपर आला.' क्रीपर म्हणजे माइनक्राफ्ट या गेममधला जवळ येऊन फुटणारा राक्षस; गेममध्ये वावरणाऱ्या अशा सगळ्या प्राण्या-राक्षसांना मॉब म्हणतात. सगळ्यांना तेच उत्तर वेगवेगळं लिहून पाठवण्यापेक्षा ते एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. हे सगळं जावा आवृत्तीला, 1.18 आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांना धरून आहे. मोबाइल आणि कन्सोलवरची बेडरॉक आवृत्ती बऱ्याच बाबतीत अशीच वागते. तिथे वेगळी काळजी घ्यायची असेल तर ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे.

लक्षणं

आधी आपली तक्रार यातली कोणती ते ओळखा. एकाच वेळी दोन-तीनही असू शकतात.

- भिंती पक्क्या, दार बंद, आत टॉर्च लावलेले, तरी खाणीतून परतलं की घरात झोंबी किंवा क्रीपर उभा. घरात बसून असताना मात्र कधीच कुणी येत नाही.
- बेडवर क्लिक केलं की जवळ राक्षस असल्याचा संदेश येतो, झोपता येत नाही आणि आजूबाजूला तर कुणीच दिसत नाही.
- रात्री आकाशातून फँटम नावाचे उडते राक्षस झडपा घालतात. त्याच सर्व्हरवरच्या मित्राला मात्र त्रास नाही.
- पावसात एंडरमन (टेलिपोर्ट होणारा उंच काळा मॉब) थेट बैठकीच्या खोलीत.
- तळघरात भरपूर उजेड असूनही स्लाइम नावाचे हिरवे चिकट मॉब उड्या मारतात.
- 'मी मारलंच नाही' तरी झोंबिफाइड पिग्लिनचा (नेदर या पाताळासारख्या जगातल्या, झोंबी झालेल्या डुक्करमाणसांचा) अख्खा घोळका मागे लागतो. सोन्याचं चिलखत घातलेलं असूनही पिग्लिन चिडतात.
- गावातला लोखंडी राखणदार आयर्न गोलेम आजवर दुर्लक्ष करायचा, तो आता दिसताक्षणी हात उगारतो.
- पोळ्यातून मध काढला की मधमाश्या डसतात. डोंगरावरची बकरी विनाकारण ढकलून देते.
- एखादा मॉब कितीही घाव घातले तरी मरत नाही.

काहीही तोडण्या-बांधण्याआधी एकच प्रश्न विचारा: तो मॉब तिथे स्पॉन झाला (म्हणजे गेमने तिथेच तयार केला), कुठून तरी आत आला, की तो आधीपासून तिथेच होता आणि आपल्यामुळे चिडला? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. घरात स्पॉन होणाऱ्या क्रीपरसाठी दार बदलून उपयोग नाही आणि चिडलेल्या गोलेमसाठी टॉर्च लावून काही होत नाही. बहुतेक जण इथेच वेळ घालवतात. दिसेल तिथे टॉर्च ठोकत सुटतात आणि खरं कारण तसंच राहतं.

पहिली तपासणी: झोप, आवृत्ती आणि सबटायटल्स

याला एक ब्लॉकही खर्च होत नाही, म्हणून सुरुवात इथून.

फँटमचा त्रास असेल तर शेवटचं कधी झोपलात ते आठवा. गेममधले तीन दिवस, म्हणजे खऱ्या घड्याळाचा एक तास, बेडवर न झोपता गेला की मोकळ्या आकाशाखाली रात्री फँटम यायला लागतात. एकदा झोपलं की मोजणी शून्यावर येते. सर्व्हरवर मात्र ही मोजणी प्रत्येक खेळाडूची वेगळी असते. काही सर्व्हरवर निम्मेच खेळाडू झोपले तरी रात्र सरते. तेव्हा सकाळ सगळ्यांची होते, पण मोजणी फक्त झोपलेल्यांची पुसली जाते. 'रोज रात्र संपते तरी मलाच फँटम का' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं. मित्र झोपतो, तुम्ही त्या वेळात खणत असता.

मग आवृत्ती बघा. 2021 च्या नोव्हेंबरात आलेल्या 1.18 पासून ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे गेमच्या नेहमीच्या जगात, शत्रू मॉब स्पॉन व्हायला ब्लॉकचा उजेड (टॉर्च, दिवे यांचा, आकाशाचा नव्हे) शून्य लागतो. त्याआधी 7 किंवा त्याहून कमी उजेड असला तरी ते यायचे. जुने व्हिडिओ बघून केलेलं टॉर्चचं गणित त्या काळाचं असतं. नव्या आवृत्तीत तेवढ्या दाट टॉर्चची गरज नाही, आणि जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरवर नव्या गणिताने लावलेले टॉर्च पुरत नाहीत.

तिसरं, सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन सबटायटल्स सुरू करा. प्रत्येक आवाजाचं नाव पडद्याच्या कोपऱ्यात येतं आणि आवाज डावीकडून की उजवीकडून हे बाण सांगतो. न दिसणारा झोंबी शोधायला यापेक्षा स्वस्त साधन नाही. हळूहळू गोल फिरायचं. बाण नाहीसा झाला की आवाज समोरच्या दिशेला आहे असं समजायचं. तिथे भिंत असेल तर भिंतीपलीकडे किंवा खाली पोकळी आहे.

बेडचा संदेशही असाच कामाला येतो. जावामध्ये बेडपासून आडवे 8 आणि उभे 5 ब्लॉक एवढ्या टापूत शत्रू मॉब असेल तर झोपता येत नाही, मग मध्ये भिंत असो वा जमीन. संदेश आला आणि खोली रिकामी असली तर मॉब बहुधा जमिनीखालच्या गुहेत किंवा छपरावर आहे. बेड वरच्या मजल्यावर हलवून पुन्हा क्लिक करा. संदेश गेला तर तो खाली आहे. तो घरात येऊ शकतोच असं नाही. पुष्कळदा गुहेत अडकलेला असतो आणि आपण उगाच घर उकलत बसतो.

एक सावधगिरी. डिफिकल्टी (गेमची अवघडपणाची पातळी) पीसफुल करून पुन्हा नॉर्मल केली की सगळे शत्रू मॉब नाहीसे होतात, म्हणून हा उपाय सगळे एकमेकांना सांगतात. त्यातून कारण कळत नाही, पुढच्या रात्री ते परत येतात. शिवाय बरा करण्यासाठी नावेत बसवून ठेवलेला झोंबी व्हिलेजरही (झोंबी झालेला गावकरी) त्यात पुसला जातो. नेम टॅग लावलेला असला तरी. तो परत मिळत नाही.

दुसरी तपासणी: घरातला अंधार

घरात बसलेलं असताना कुणी येत नाही, बाहेरून आल्यावर मात्र असतोच, या लक्षणाचं कारण एका आकड्यात आहे. स्पॉनर आणि पोर्टल हे पुढे येणारे अपवाद सोडले तर मॉब खेळाडूपासून 24 ब्लॉकच्या आत स्पॉन होत नाहीत. तुम्ही घरात असता तेव्हा तुमच्या नुसत्या असण्यानेच घर सुरक्षित असतं. 24 ब्लॉकच्या पलीकडे गेलात की घरातली प्रत्येक अंधारी जागा मोकळी होते. 128 ब्लॉकच्या पलीकडे गेलात तर साधे मॉब लगेच नाहीसे होतात. म्हणजे धोका आहे तो मधल्या अंतराचा: शेतावर गेलात, जवळच्या खाणीत उतरलात, शेजारच्या टेकडीवर लाकूड तोडलंत, की मागे घरात कुणीतरी उभं राहिलं. रात्रभर घरात पहारा देऊन 'कुणी येत नाही' हे सिद्ध होत नाही, ते या कारणाने.

अंधार डोळ्यांनी मोजू नका. ब्राइटनेस वाढवलेला असेल तर उजेड शून्य असलेली जागाही नीट दिसते. जावामध्ये एफ3 दाबा. लॅपटॉपवर बरोबर एफएन दाबावं लागेल. उजेडाच्या ओळीत आकाशाचा आणि ब्लॉकचा असे दोन आकडे दिसतात. आपल्याला हवा तो ब्लॉकचा. आकाशाचा आकडा उघड्यावर रात्रीही 15 दाखवतो, तो बघून निर्धास्त होऊ नका. संशयाच्या जागी उभं राहायचं आणि ब्लॉकचा आकडा शून्य आहे का एवढंच वाचायचं.

मोबाइलवर ब्लॉक मोजूनच काम भागवावं लागतं, पण ते कठीण नाही. टॉर्चचा उजेड 14 असतो आणि दर ब्लॉकला एकाने उतरतो. तिरकं अंतर आडवं अधिक उभं असं मोजायचं: चार पुढे आणि तीन बाजूला म्हणजे सात. सरळ बोगद्यात दोन टॉर्चमध्ये 26 ब्लॉक असले तरी नव्या नियमाने शून्य कुठेच येत नाही. सपाट अंगणात दोन्ही दिशांना 12-12 ब्लॉकवर टॉर्च लावले की मधला भाग झाकला जातो. लँटर्न, ग्लोस्टोन, जॅक ओ'लँटर्न यांचा उजेड 15. सोल टॉर्चचा 10, म्हणजे दिसायला सुंदर असला तरी त्याचं अंतर कमी धरा. रेडस्टोन टॉर्चचा फक्त 7.

हे गणित मोकळ्या जागेचं झालं. भिंत आली की उजेडाला वळसा घालून जावं लागतं आणि तेवढे आकडे वाटेतच कमी होतात. म्हणून मी ज्या जागा नेहमी आधी बघतो त्या अशा. पहिला पोटमाळा, म्हणजे उतरत्या छपराच्या आणि खोलीच्या तक्तपोशीच्या मधली पोकळी. बांधताना ती आपोआप राहते, कुणी आत जात नाही, टॉर्च लावायचं सुचतच नाही. खालच्या खोलीत कुणी उतरू शकत नसेल तरी बेडचा संदेश तिथूनच येतो. दुसरं म्हणजे सपाट छत. दिवसा तिथे लख्ख ऊन असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण रात्री ब्लॉकचा उजेड शून्य असतो. तिथे स्पॉन झालेला क्रीपर सकाळी जळत नाही. झोंबी आणि स्केलेटन उन्हात पेटतात, क्रीपर पेटत नाही. तुम्ही दार उघडून बाहेर पाऊल टाकता आणि तो वरून पडतो. 'दारातच क्रीपर' ही तक्रार आली की मी पहिल्यांदा शिडी लावून छतावर चढायला सांगतो. त्यानंतर जिन्याखालची जागा, पेट्यांच्या रांगेमागची फट, आणि तळघराचा तो टोकाचा भाग जो 'नंतर करू' म्हणून सोडून दिलेला असतो.

टॉर्च लावायचा नसेल तर पृष्ठभाग बदला. खालच्या अर्ध्या भागात बसवलेल्या स्लॅबवर (अर्ध्या उंचीच्या ब्लॉकवर), काचेवर आणि पानांवर हे मॉब स्पॉन होत नाहीत. वरच्या अर्ध्यात बसवलेल्या किंवा जोडून पूर्ण झालेल्या स्लॅबवर मात्र होतात, तेव्हा बसवताना नीट बघा. छताला एकदा खालचे स्लॅब घातले की तिथे उजेडाची चिंताच उरत नाही. माझी पसंती कायम याला, कारण टॉर्च कुणीतरी कधीतरी काढतो, पाण्याने वाहूनही जातो, स्लॅब तसाच राहतो.

अंगण उजळवून झाल्यावर काही जण सांगतात की आता घराखालच्या गुहेत जास्त मॉब दिसतात. हा भास नाही. गेम शत्रू मॉबची संख्या एका कमाल मर्यादेपर्यंत भरत राहतो. जावात एका खेळाडूसाठी ती 70 आहे. वरच्या अंधाऱ्या जागा संपल्या की तोच कोटा खालच्या गुहांमध्ये भरला जातो. घराच्या अगदी खालची गुहा तेवढी टॉर्चने उजळवा किंवा बुजवा. दूरच्या गुहांच्या मागे लागू नका.

तिसरी तपासणी: उजेडाला न जुमानणारे

सगळीकडे आकडा शून्याच्या वर, तरी मॉब येतात? मग यातलं काहीतरी असतं.

स्लाइम. दर दहातला साधारण एक चंक (जगाचा 16 गुणिले 16 ब्लॉकचा तुकडा) स्लाइमचा असतो आणि तिथे उंची (एफ3 मधला वायचा आकडा) 40 च्या खाली असेल तर ते कितीही उजेडात स्पॉन होतात. जावात एफ3 दाबून धरून जी दाबलं की चंकच्या रेषा दिसतात. स्लाइम एकाच 16 गुणिले 16 च्या चौकटीत येत असतील तर निदान झालं. जमिनीवर खालचे स्लॅब घाला किंवा तळघर शेजारच्या चंकमध्ये सरकवा.

नेदर पोर्टल. ओव्हरवर्ल्डमधल्या पेटलेल्या पोर्टलमधून अधूनमधून झोंबिफाइड पिग्लिन बाहेर येतात, डिफिकल्टी जास्त तशी शक्यता जास्त. पोर्टल बैठकीत असेल तर ते बैठकीत येणारच. पोर्टलला स्वतंत्र खोली आणि दार द्या, नाहीतर गरज नसताना विझवून ठेवा.

स्पॉनर. एकाच दिशेने, एकाच जातीचे, तुम्ही जवळ असतानाच येत असतील तर 16 ब्लॉकच्या आत कुठेतरी स्पॉनर, म्हणजे मॉब तयार करणारा पिंजऱ्यासारखा ब्लॉक आहे. खेळाडू तेवढा जवळ असेल तेव्हाच तो चालतो. त्याच्या वर आणि चारी बाजूंना टॉर्च लावून तो शांत करा. कुदळीने फोडलात तर परत बसवता येत नाही, आणि पुढे एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळवायचा फार्म करायचा विचार असेल तर हळहळ वाटेल.

पिलेजर या लुटारूंची गस्त. जगात पाच दिवस गेल्यावर ती फिरायला लागते आणि भर दिवसाही येते. त्यातल्या झेंडेवाल्या कप्तानाला मारलं की 1.21 च्या आधी थेट 'बॅड ओमेन' हा अपशकुन लागायचा. आता त्याच्याकडून बाटली पडते आणि ती प्यायलात तरच लागतो. लागला असेल तर गावात शिरण्यापूर्वी दूध प्या, नाहीतर गावावर धाड येते.

नेदरमध्ये वरचं टॉर्चचं गणित धरू नका. तिथला तळ राहण्यायोग्य करायचा तर जमिनीवर स्लॅब हाच भरवशाचा मार्ग.

चौथी तपासणी: आत येण्याची वाट

आता तो बाहेरून चालत येत असेल ही शक्यता. सर्वात आधी दाराबाहेरची प्रेशर प्लेट बघा. लाकडी असो वा दगडी, ती मॉबच्या पायानेही दबते. लोखंडी दार बसवून बाहेर प्लेट ठेवली तर ते दार झोंबीसाठीही उघडंच आहे. बाहेर बटण लावा, प्लेट फक्त आतल्या बाजूला ठेवा.

लाकडी दार झोंबी हार्डवरच फोडतात. हार्डवर खेळत असाल तर लोखंडी दार घ्या. घरात व्हिलेजर ठेवले असतील तर तेही दारं उघडतात आणि त्यांच्या मागून झोंबी शिरतो. कोळी भिंत चढतो, म्हणून उघड्या चौकाच्या घराला भिंतीच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला एक ब्लॉकची पडवी काढा. झोंबीचं पिल्लू एक ब्लॉकच्या फटीतून येतं, म्हणून गोठ्याच्या खिडक्या मोजून घ्या.

एंडरमनचं वेगळं. त्याला पाण्याने इजा होते, पाऊस लागला की तो इकडेतिकडे टेलिपोर्ट होतो आणि जिथे कोरडं असेल तिथे थांबतो. तुमचं घर कोरडं असतं. तो जवळजवळ तीन ब्लॉक उंच आहे, त्यामुळे खोलीची उंची दोनच ब्लॉक ठेवली की त्याला उभं राहता येत नाही. सगळं घर ठेंगणं करायला नको, जिथे तो वारंवार येतो तेवढ्या खोल्या करा. त्याच्या चेहऱ्याकडे बघणं टाळायचं तर डोक्यावर कोरलेला भोपळा घाला. नजर अडते, पण तो चिडत नाही.

पाचवी तपासणी: राग कुठून आला

इथे सर्वात जास्त गैरसमज आहेत. तटस्थ मॉब स्वतःहून चिडत नाहीत, नियम ठरलेले आहेत आणि प्रत्येकाचा वेगळा आहे.

'मी मारलंच नाही' असं मुलं कळकळीनं सांगतात आणि ती खरं बोलत असतात. जावात 1.9 पासून तलवारीचा पूर्ण भरलेला वार, जमिनीवर उभं राहून आणि न धावता केला, तर आजूबाजूच्यांनाही झाडत जातो. तुम्ही मॅग्मा क्यूब मारता, शेजारच्या झोंबिफाइड पिग्लिनला निसटता फटका बसतो आणि तो आसपासच्या साऱ्यांना उठवतो. तटस्थ मॉबच्या गर्दीत कुऱ्हाड वापरा, तिचा वार एकालाच लागतो. चुकलेला बाणही तेच करतो. पाळलेला लांडगा बरोबर असेल तर तुम्ही ज्याला मारता त्याच्यावर तो तुटून पडतो, म्हणून नेदरमध्ये न्यायच्याऐवजी त्याला घरी बसवून ठेवा. घोळका मागे लागलाच तर लढू नका, लांब जा, नजरेआड व्हा. काही वेळाने त्यांचा राग उतरतो.

पिग्लिनसाठी सोन्याच्या चिलखताचा अंगावर घातलेला एक भागही पुरतो, पण सोनं लवकर झिजतं. शिरस्त्राण 77 वेळा घासलं की तुटतं, बूट 91 वेळा. लढाईत ते केव्हा गेलं कळत नाही आणि पुढच्या क्षणी पिग्लिन अंगावर. आधी इन्व्हेंटरी उघडून ते अजून अंगावर आहे का ते बघा. असेल तर दुसरं कारण: त्यांच्या देखत पेटी उघडलीत, किंवा जवळपास सोन्याचा ब्लॉक किंवा खनिज फोडलंत. पेटीच्या बाबतीत त्यांना तुम्ही दिसावे लागता, म्हणून मध्ये भिंत उभी केली की काम होतं. सोनं फोडलं तर भिंतीआडचेही चिडतात. बास्टियनमधले (नेदरमधल्या पडक्या किल्ल्यातले) ब्रूट पिग्लिन आणि बाहेरचे रानडुकरासारखे हॉग्लिन सोन्याला मुळीच मान देत नाहीत, त्यांना शत्रूच समजा. हॉग्लिन वॉर्प्ड फंगसपासून दूर राहतो, पिग्लिन सोल टॉर्चला घाबरतो. नेदरमधल्या तळाच्या दाराशी दोन्ही लावून ठेवण्यासारखे आहेत.

आयर्न गोलेम तुमची गावातली पत बघतो. व्हिलेजरला फटका मारला, मग तो तलवार झाडताना का लागेना, की पत घसरते, आणि पुरती घसरली की गावाचा गोलेम दिसताक्षणी हल्ला करतो. गोलेमला मारून प्रश्न सुटत नाही, दुसरा येतो आणि तोही तसाच वागतो. काही दिवस गावापासून लांब राहा, वाईट चर्चा हळूहळू विरते. झोंबी झालेल्या एखाद्या व्हिलेजरला वीकनेसच्या स्प्लॅश पोशनने आणि सोन्याच्या सफरचंदाने बरं केलंत तर पत चांगलीच वाढते आणि सौदेही स्वस्त होतात. तुम्ही स्वतः लोखंड रचून बनवलेला गोलेम मात्र खेळाडूंवर हल्ला करत नाही, म्हणून गावाच्या राखणीला तो ठेवा.

मधमाश्यांच्या पोळ्याखाली कॅम्पफायर पेटलेला हवा, धूर पोळ्यापर्यंत पोचला पाहिजे, मध्ये भरीव ब्लॉक नको. कॅम्पफायर अगदी चिकटून असेल तर मधमाश्या भाजतात, थोडं अंतर ठेवा. ध्रुवीय अस्वल पिल्लाजवळ गेलात की धावून येतं. बकरीची धडक हा राग नव्हेच. एका जागी थांबलेल्या कुणालाही ती अधूनमधून धडकते. कड्यावर उभं राहून नकाशा वाचू नका, एवढाच उपाय.

आणि न मरणारा मॉब: पेल गार्डन या फिकट जंगलातला क्रीकिंग, 2024 च्या डिसेंबरात आलेला. त्याच्यावर घाव घालून काही होत नाही. झाडात दडलेला क्रीकिंग हार्ट हा ब्लॉक शोधून फोडलं की तो कोसळतो. तोवर त्याच्याकडे बघत राहा, नजर असेपर्यंत तो हलत नाही.

सहावी तपासणी: राखणदार

वरचं सगळं झालं की मगच हे, कारण राखणदार मूळ कारण घालवत नाहीत, उरलेसुरले मॉब लांब ठेवतात. मांजराला क्रीपर आणि फँटम दोघेही टाळतात. अंगणात दोन-तीन मांजरं बसवून ठेवली की दाराशी स्फोट होण्याचं भय खूपच कमी होतं. स्केलेटन लांडग्याला टाळतात. 1.20.5 पासून आलेल्या आर्माडिलोला कोळी घाबरतो. मांजर मासे देऊन पाळता येतं, महाग काही नाही, तरी अनेकांच्या घराला ते नसतं याचं मला नवल वाटतं.

सातवी तपासणी: नियम बदलणं, आणि जगाची प्रत

गेमरूल बदलणं सोपं वाटतं, पण त्याचे परिणाम साऱ्या जगावर होतात, म्हणून ते इतकं शेवटी. मॉब-ग्रीफिंग बंद केलं की क्रीपर ब्लॉक फोडत नाही आणि एंडरमन माती उचलत नाही. पण त्याबरोबर व्हिलेजर शेत काढत नाहीत. शेती आपोआप चालावी म्हणून गाव वसवलं असेल तर ते गाव ठप्प होतं. फँटमसाठी इन्सॉम्नियाचा नियम आणि गस्तीसाठी पॅट्रोलचा नियम बंद करणं त्या मानाने निरुपद्रवी आहे. नव्या आवृत्त्यांत काही नियमांची नावं बदलली आहेत. चॅटमध्ये टाइप करताना टॅब दाबून यादीतून निवडा. बेडरॉकमध्ये चीट्स सुरू केले की त्या जगातल्या अचीव्हमेंट्स कायमच्या बंद होतात, हे मुलांना आधी सांगा. नंतर फार वाईट वाटतं.

म्हणून प्रयोग नेहमी प्रतीवर करा. जावात जगाच्या एडिट पानावर बॅकअपचं बटण आहे, बेडरॉकमध्ये जगाची प्रत करता येते. प्रतीत चीट्स लावा, स्पेक्टेटर मोडमध्ये भिंतीतून आणि जमिनीतून फिरा. पोटमाळा, गुहा, स्पॉनर काही मिनिटांत सापडतं. मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेली भर) वापरत असाल तर तीच प्रत मॉडशिवाय उघडून बघा, पण मॉडचे ब्लॉक त्यात नाहीसे होतील, म्हणून मूळ जग चुकूनही तसं उघडू नका. मॉडशिवाय तक्रार गेली तर दोष मॉडचा. निम्मे मॉड लावून बघा, मग उरलेले निम्मे, असं करत दोषी सापडतो.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

सर्व्हर दुसऱ्याचा असेल आणि घरातला उजेड, वाट, झोप सगळं तपासून झालं असेल तर पुढे खणू नका, ॲडमिनला सांगा. सर्व्हरवर मॉबची संख्या, स्पॉनचं अंतर, रागाचे नियम बदललेले असू शकतात आणि ते खेळाडूला आतून दिसत नाहीत. तिथे तुम्ही कितीही टॉर्च लावलेत तरी फरक पडणार नाही.

मॉडशिवायच्या नव्या कोऱ्या जगातही तीच गोष्ट दर वेळी घडत असेल तर तो गेममधला दोष असू शकतो. त्याची जागा म्हणजे गेम बनवणाऱ्या मोयांग कंपनीचा बग ट्रॅकर. तिथे आधी शोधा, बहुतेक वेळा नोंद झालेली असते.

जग उघडताना गेम बंद पडत असेल, चंक गायब असतील किंवा एखाद्या ठिकाणी गेलं की दर वेळी गेम अडकत असेल तर हा मॉबच्या वागण्याचा प्रश्न राहिलेला नाही. जगाच्या फाइल्स स्वतः उघडून बदलू नका. आहे तशी पूर्ण प्रत काढून ठेवा आणि ज्याने हे काम आधी केलं आहे त्यालाच हात लावू द्या. मदतीच्या नावाखाली कुणी अकाउंटचा पासवर्ड मागितला तर देऊ नका, मॉबची तक्रार सोडवायला त्याची गरज कधीच पडत नाही.

डीप डार्क या खोल अंधाऱ्या गुहांमध्ये वॉर्डन हा आवाजाच्या मागावर येणारा राक्षस वर आला असेल तर तिथेच तपासणी सोडा. त्याचं आरोग्य 500 आहे आणि त्याचा ध्वनिमारा भिंतीतून आणि चिलखतातून जातो. दबक्या पावलांनी बाहेर पडा. मिनिटभर काही हालचाल जाणवली नाही की तो पुन्हा जमिनीत जातो. पुढच्या वेळी पायाखाली लोकर अंथरून जा.

मदत मागताना एवढं पाठवा: जावा की बेडरॉक, आवृत्तीचा आकडा, डिफिकल्टी, मॉड किंवा सर्व्हर असेल तर त्याचं नाव, कोणता मॉब, दिवसा की रात्री, पाऊस होता का, तुम्ही त्याआधी कुठे होतात, आणि मॉब उभा होता त्या जागेचा एफ3 चा स्क्रीनशॉट. मोबाइलवर असाल तर त्या जागेचा आणि जवळच्या टॉर्चचा साधा फोटो चालेल.